पाचशे चाळीस जीबी, मार्गे वरसावे

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ आणि ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता हे ज्या ठिकाणी एकत्र येतात, आणि एकत्र आल्यावर दोघांपैकी एकालाही पुढे सरकण्याची घाई उरत नाही, ते ठिकाण म्हणजे मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील वरसावे होय. येथील चौक फाउंटन हॉटेलच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या उत्तरेस वसईच्या खाडीवरील पूल आहेत, पूर्वेस गायमुखचा घाट आहे आणि दक्षिणेस काशिमीरा ओलांडून दहिसरचा चेकनाका आहे, म्हणजे तिन्ही दिशांना वाहने थांबण्याची उत्तम सोय आहे. २०२३ साली खाडीवर नवा पूल खुला झाला तेव्हा कोंडी आता कायमची सुटणार, असे सर्वांनी मनोभावे मानले, आणि कोंडीनेही आपला मुक्काम थोडा पुढेमागे हलवून या श्रद्धेचा यथाशक्ती मान राखला.

या चौकातून अहोरात्र जी मालवाहतूक चालते, तिच्यातील बहुतेक मालाला बिल्टी असते, वजन असते आणि तो भिजू नये म्हणून वर ताडपत्री असते. परंतु एक माल असा आहे की ज्याची बिल्टी फाडली जात नाही, जो वजनकाट्यावर उमटत नाही आणि ज्याच्यावर ताडपत्रीऐवजी दुधाची धुतलेली पिशवी असते. मीरा रोड, घोडबंदर रस्ता आणि खाडीपलीकडील नायगाव या पट्ट्यात दूरचित्रवाणी मालिकांचे सेट उभे असतात, तेथे दिवसभर जे चित्रित होते ते संपादनासाठी गोरेगाव, अंधेरी किंवा वर्सोवा येथील एडिट स्टुडिओत न्यावे लागते, आणि ते नेण्याचे साधन म्हणजे संगणकाला बाहेरून जोडता येणारी साठवण, जिला सेटवर नुसते ‘डिस्क’ म्हणतात. वर्सोवा समुद्राकाठी आणि वरसावे खाडीकाठी असले, तरी इंग्रजी पाट्यांवर दोन्हींचे स्पेलिंग पुष्कळदा एकच असल्याने, ‘डिस्क घेऊन वर्सोव्याला ये’ असा निरोप मिळालेला नवखा मुलगा ‘मी तर तिथेच उभा आहे’ असे उत्तर देण्याची शक्यता या व्यवसायात गृहीत धरावी लागते.

इंटरनेट सर्वव्यापी झाल्याचे ज्या काळात मानले जाते त्या काळात हा माल मोटारसायकलवरून का जावा, याचे उत्तर अंकगणितात आहे. संगणकातील माहितीचे सर्वांत लहान एकक म्हणजे बिट, आठ बिटांचा एक बाइट, आणि व्यवहारात ज्याला जीबी म्हणतात तो गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट. इंटरनेटचा वेग मात्र बिटांमध्ये सांगण्याची प्रथा आहे, कारण तसे सांगितल्याने आकडा आपोआप आठपट होतो आणि जाहिरात शोभून दिसते. एखाद्या सेटवर तीन कॅमेरे लागले, प्रत्येकाने दिवसभरात चार तासांचे चित्रण केले आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या दराने लिहीत असला, तर ताशी ४५ जीबी या हिशेबाने दिवसअखेर ५४० जीबी साठतात. कॅमेऱ्याइतकेच, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, वर पाठवणारी इंटरनेट जोडणी अखंड चालू राहिली, म्हणजे मध्येच वीज गेली नाही, राउटरला कोणी मोबाइलचा चार्जर लावण्यासाठी उपटले नाही आणि कलाकारांनी विश्रांतीच्या वेळात आपलेच जुने भाग पाहिले नाहीत, तर हा ऐवज पोहोचायला बारा तास लागतात.

याउलट तोच ऐवज पाठीवरच्या बॅगेत टाकून निघालेला मुलगा वरसाव्याहून अंधेरीचे वीस-पंचवीस किलोमीटर अंतर कोंडीसह दोन तासांत कापतो, तेव्हा त्याचा माहितीवहनाचा वेग सेकंदाला ६०० मेगाबिट भरतो. त्याने काशिमीऱ्याला अर्धा तास थांबून वडापाव खाल्ला, तर हा वेग ४८० मेगाबिटांवर येतो, आणि यूएसबी २.० या जोडणीचा २००० साली जाहीर झालेला कमाल वेगही नेमका ४८० मेगाबिटच असल्याने, एका आंतरराष्ट्रीय मानकाची बरोबरी वडापाव खात करता येते, हे या चौकापुरते तरी सिद्ध होते. गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर आडवा पडून चौक तुंबला आणि प्रवास तीन तासांचा झाला, तरी ४०० मेगाबिट शिल्लक राहतात. तात्पर्य, मोटारसायकल जागच्या जागी उभी असतानाही सेटवरच्या इंटरनेटला हरवत असते, आणि कोंडीत अडकलेल्या इतर कोणत्याही प्रवाशाला असे समाधान उपलब्ध नसते.

ही पद्धत गरिबीची आहे असा समज होणे स्वाभाविक असले, तरी जगातील श्रीमंत संस्थांनीही तिचाच अवलंब केलेला आहे. एम-८७ या सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी जमवलेली माहिती सुमारे पाच पेटाबाइट, म्हणजे पन्नास लाख जीबी, इतकी होती, आणि ती हार्ड डिस्कांवर भरून विमानांनी आणण्यात आली. दक्षिण ध्रुवावरील डिस्का तर तेथील हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत अडकून पडल्या होत्या. ज्या माहितीचा प्रकाश साडेपाच कोटी वर्षे न थांबता आला, तिला शेवटच्या टप्प्यात काही महिने वाहनाची वाट पाहावी लागली, हे वाचून वरसाव्याच्या सिग्नलवरील कोणत्याही डिस्कवाहकाची कॉलर ताठ व्हावी. अमेझॉन या कंपनीने तर २०१६ साली ४५ फुटी कंटेनरमध्ये शंभर पेटाबाइट साठवून नेणारा ट्रकच जाहीर केला होता. ती सेवा २०२४ साली बंद झाली, पण त्याआधी तो ट्रक एकदा तरी घोडबंदर रस्त्याने यायला हवा होता, असे येथील माणूस म्हणू शकतो.

चित्र हे मुळात वाहून नेण्याचीच वस्तू होती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. चित्रपट फिल्मवर असताना हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चालत असे, अडीच तासांचा मराठी चित्रपट चौदा-पंधरा रिळांचा होई, आणि तो पत्र्याच्या डब्यांतून एस. टी.च्या टपावरून, रेल्वेच्या पार्सल डब्यातून आणि शेवटी सायकलच्या कॅरियरवरून गावोगाव जाई. पुढे खासगी वाहिन्या आल्या तेव्हा देशातून उपग्रहाकडे प्रक्षेपण करण्याची मुभा त्यांना नसल्यामुळे १९९२ साली सुरू झालेल्या झी टीव्हीच्या टेपा विमानाने हाँगकाँगला पाठवल्या जात, म्हणजे मुंबईत बनलेली मालिका मुंबईकराला दिसण्यापूर्वी परदेशवारी करून येई. या सर्व वाहतुकीत उशीर होई, डबे बदलत, नायक मरून पडल्यावर पुढच्या रिळात गाणे म्हणे. परंतु कोल्हापुरात धुतलेले रीळ नागपूरच्या यंत्राने ‘हे मला ओळखू येत नाही’ म्हणून परत पाठवले, असे घडत नसे. याचे कारण असे की १९०९ साली पॅरिस येथे भरलेल्या चित्रपट-व्यावसायिकांच्या परिषदेत फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर असावी आणि प्रत्येक चौकटीला चार छिद्रे असावीत, हे ठरून गेले होते. परस्परांचे धंदे बुडवण्यास उत्सुक असलेल्या मंडळींचे छिद्रांच्या संख्येवर शंभर वर्षांपूर्वी एकमत झाले. संगणक बनवणाऱ्यांचे मात्र डिस्क कशी लिहावी यावर अद्याप झालेले नाही, आणि प्रस्तुत विषयाचा खरा गाभा येथेच आहे.

डिस्क ही मुळात कोट्यवधी रिकाम्या खणांची रांग असते. कोणती फाइल कोणत्या खणात सुरू होते, पुढे कोठे जाते आणि कोठे संपते, याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात, आणि कोऱ्या किंवा जुन्या डिस्कवर ही नोंदपद्धत नव्याने घालून देण्याच्या क्रियेला फॉरमॅट करणे म्हणतात. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली एनटीएफएस नावाची पद्धत आणली आणि विंडोज संगणक आजही तीच वापरतात. ॲपलने मॅकसाठी १९९८ साली एचएफएस प्लस आणि २०१७ साली एपीएफएस या पद्धती काढल्या. लिनक्स या मुक्त प्रणालीची २००८ पासूनची पद्धत ईएक्सटी-४ ही आहे. त्यांच्यातील संबंधांचे वर्णन जुन्या समाजशास्त्राच्या परिभाषेतच नीट करता येते. मॅक हा एनटीएफएसची डिस्क वाचतो, परंतु तिच्यावर स्वतःहून काही लिहीत नाही, म्हणजे रोटीव्यवहार मान्य आहे आणि बेटीव्यवहार निषिद्ध आहे. विंडोज हा मॅकच्या डिस्कशी वेगळे सॉफ्टवेअर घालून मध्यस्थी केल्याशिवाय यापैकी कोणताच व्यवहार करीत नाही. आणि लिनक्सकडे दोघेही गावकुसाबाहेरचा म्हणून पाहतात, तर लिनक्स मात्र दोघांच्याही घरात शिरून, निदान चहा तरी, घेऊन येतो. वास्तविक चित्रपटगृहात जाणारी डिजिटल प्रत ज्या डिस्कवर जाते ती डिस्क लिनक्सच्याच पद्धतीने लिहिलेली असते, त्यामुळे निर्मात्याने कौतुकाने ती घरच्या लॅपटॉपला लावून पाहिली की त्याचा सबंध चित्रपट त्याला रिकामा दिसतो, आणि समीक्षकांच्या आधी हा अभिप्राय संगणकाने दिल्याचे दुःख त्याला होते.

या सर्वांना चालणारी एक जुनी पद्धत होती, तिचे नाव फॅट-३२. ती १९९६ साली आली, तिला सगळे संगणक, कॅमेरे आणि घरचे टीव्ही ओळखतात, आणि तिच्यात दोष एकच की फाइलचा आकार लिहिण्यासाठी तिने ३२ बिटांचीच जागा ठेवलेली असल्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने चार जीबीपेक्षा, मोठी फाइल तिच्यात मावतच नाही. दोन तासांचा लग्नाचा व्हिडिओ सेकंदाला अवघ्या १० मेगाबिट दराने केला तरी नऊ जीबींचा होतो. त्यामुळे १२८ जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर तो घालू पाहणाऱ्या वधुपित्याला संगणक ‘फाइल फार मोठी आहे’ असे सांगतो, समोर १२८ जीबी मोकळे दिसत असतात, आणि लग्नात जागा मोठी घेऊनही पंगत बसेना याचा नुकताच अनुभव घेतलेला तो गृहस्थ हेही मुकाट्याने सोसतो. जुन्या कॅमेऱ्यांनी यावर उपाय म्हणून लांब चित्रणाचे चार-चार जीबींचे तुकडे पाडण्यास सुरुवात केली, आणि सासूबाईंचे स्वगत ‘या घरात’ या शब्दांवर संपून ‘मी असेपर्यंत’ या शब्दांपासून दुसऱ्या फाइलीत सुरू होऊ लागले.

अखेर मायक्रोसॉफ्टने २००६ साली एक्सफॅट ही पद्धत काढली, ॲपलने २०१० साली तिला आपल्या संगणकात प्रवेश दिला, आणि तिचा तपशील २०१९ साली खुला झाल्यावर लिनक्सनेही ती अधिकृतपणे स्वीकारली. तिच्यात चार जीबींची अट नाही, ती मॅक आणि विंडोज दोघांनाही वाचता-लिहिता येते, आणि म्हणून डिस्क प्रवासाला निघणार असेल तर ती एक्सफॅटची असावी, हा या क्षेत्रातील सर्वमान्य सिद्धांत आहे. सिद्धांत सर्वमान्य असूनही तो पाळला जात नाही, याची कारणे तांत्रिक नसून कौटुंबिक आहेत: डिस्क बाजारातून येते तेव्हा बहुधा एनटीएफएसची असते, तिच्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी घाईने चित्रण भरतो, आणि एकदा भरल्यावर ती पुसल्याशिवाय पद्धत बदलता येत नाही, म्हणून ‘हे शेड्यूल संपले की बघू’ असे ठरते. मालिकेचे शेड्यूल मालिका बंद पडेपर्यंत संपत नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

आता प्रत्यक्ष कॉपीची क्रिया जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. पॅकअप झाले, दिवे उतरले आणि सेटवरचा राजवाडा प्लायवूडचा दिसू लागला, की जिन्याखालच्या प्लास्टिकच्या टेबलावर एक लॅपटॉप उघडतो. त्याच्या एका बाजूला कॅमेऱ्याचे कार्ड घातलेला कार्ड रीडर, दुसऱ्या बाजूला डिस्क, आणि मागे एक एक्स्टेन्शन बोर्ड असतो, ज्यातून त्याच वेळी केस वाळवण्याचे यंत्र आणि चार मोबाइल वीज ओढत असतात. कॉपी सुरू झाल्यावर पडद्यावर एक पट्टी भरू लागते आणि उरलेला वेळ प्रथम वीस मिनिटे, मग तीन तास, मग पुन्हा पस्तीस मिनिटे असा दाखवला जातो. संगणक हे थापा मारण्याच्या हेतूने करीत नाही; गेल्या काही क्षणांत जो वेग मिळाला तोच पुढे मिळेल असे समजून तो भागाकार करतो, मोठ्या फाइली संपून बारीकसारीक फाइली सुरू झाल्या किंवा डिस्कच्या आतील तात्पुरती जलद साठवण भरली की वेग कोसळतो, आणि भागाकार नव्याने करावा लागतो. ‘पाच मिनिटांत होतंय’ असे हा वेळ वाचून सांगणारा मुलगा आणि ‘पाच मिनिटांत पोहोचतोय’ असे गायमुखातून सांगणारा ड्रायव्हर हे दोघेही एकाच गणिती पद्धतीचे अनुयायी होत.

वेगाचा हिशेब येथेही उद्बोधक आहे. फिरत्या चकतीची साधी हार्ड डिस्क, २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० या जोडणीवर, सेकंदाला १२० मेगाबाइट घेते असे धरले तर ५४० जीबींना ७५ मिनिटे लागतात. चकती नसलेली, केवळ चिपवर साठवणारी एसएसडी सेकंदाला ४५० मेगाबाइट घेत असेल तर हेच काम २० मिनिटांत होते. परंतु एसएसडीबरोबर आलेली केबल पहिल्या आठवड्यातच कोठेतरी जाते, तिच्या जागी कोणाच्या तरी मोबाइलच्या चार्जरची तशाच तोंडाची केबल येते, आणि अशा पुष्कळ केबलींमधून माहिती यूएसबी २.० च्याच गतीने, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीसेक मेगाबाइट, वाहते. मग २० मिनिटांचे काम सव्वाचार तासांवर जाते. तोंडे सारखी असली म्हणजे गुण सारखे असतात हा समज मालिकांमध्ये जुळ्या बहिणींच्या कथानकाने कधीच खोडून काढलेला असूनही केबलींच्या बाबतीत तो टिकून आहे.

म्हणजे साधी डिस्क घेतली तर भरायला सव्वा तास, वाटेत दोन तास, आणि पोहोचल्यावर उतरवून घ्यायला पुन्हा सव्वा तास, असा एकूण साडेचार तासांचा व्यवहार होतो आणि मोटारसायकलचा सेकंदाला ६०० मेगाबिटांचा डौल २६७ वर येतो. यातील अडीच तास कॉपीने खाल्लेले असतात, कोंडीने दोनच. तरीही दोष नेहमी कोंडीलाच दिला जातो, कारण कोंडीचा फोटो काढून पाठवता येतो.

प्रवासाच्या धोक्यांविषयीही गैरसमज आहेत. चकतीच्या डिस्कमध्ये वाचन-लेखन करणारे शीर्ष फिरत्या चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते, हे ऐकल्यावर घोडबंदर रस्त्यावरील खड्ड्यांच्या संदर्भात कोणाचेही मन चरकते; परंतु डिस्क बंद केली की शीर्ष चकतीपासून दूर, सुरक्षित जागी जाऊन बसते, त्यामुळे बॅगेतील बंद डिस्क हे खड्डे पाठीच्या मणक्यापेक्षा पुष्कळच बरे सोसते. तिचा घात बहुधा टेबलावरच होतो, चालू असताना ओढलेल्या वायरीने. चालू व्यवहाराची आगाऊ नोंद ठेवणारे जर्नल एनटीएफएसमध्ये असते, एक्सफॅटमध्ये नसते. म्हणून पट्टी भरलेली दिसली तरी आतले शेवटचे लिखाण उरलेले असताना डिस्क उपटली, तर कोणती फाइल कोठे आहे याची यादीच बिघडू शकते. यासाठी संगणकात ‘इजेक्ट’ करण्याची, म्हणजे सगळे लिहून झाल्याची खात्री करून डिस्क सोडवून घेण्याची, सोय दिलेली आहे, आणि ती वापरण्यासाठी लागणारे चार सेकंद वाचवल्यामुळे वाया गेलेल्या दिवसांची नोंद कोणत्याच फाइल सिस्टीममध्ये सापडत नाही.

यथावकाश डिस्क एडिट स्टुडिओत पोहोचते, जोडली जाते, आणि महाराष्ट्रातील कोणत्याही एडिट स्टुडिओत ऐकू येऊ शकेल असा संवाद घडतो. ‘दादा, डिस्क उघडत नाहीये.’ ‘अरे, इथे तर उघडत होती.’ ‘इथे विंडोज आहे.’ ‘मग?’ या ‘मग’ला उत्तर नसते, कारण त्याच क्षणी विंडोज पुढे होऊन मॅकच्या पद्धतीची ती डिस्क आपल्याला ओळखू येत नाही आणि वापरायची असल्यास ती फॉरमॅट करावी लागेल, असा सल्ला देत असते. संपूर्ण दिवसाचे चित्रण पुसून टाकण्याची ही सूचना इतक्या सौजन्याने केलेली असते आणि तिला होकार देणारे बटण इतके हाताशी असते, की रात्री एक वाजता, झोपेत असलेल्या सहायकाने ते दाबले नाही याचे श्रेय केवळ त्याच्या पूर्वपुण्याईला द्यावे लागते. मालिकेची ‘बँक’ असेल, म्हणजे प्रसारणासाठी पुढचे काही भाग तयार असतील, तर अशी चूक चारचौघांत विनोद म्हणून सांगता येते. बँक नसेल, आजचे चित्रण उद्याच दाखवायचे असेल, तर ती सांगायला कोणी फारसे शिल्लक राहत नाही.

डिस्क उघडली तरी प्रश्न संपत नाहीत. मॅकवर भरलेल्या एक्सफॅट डिस्कवर प्रत्येक फाइलशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी, त्याच नावाची, काही केबींची एक छायाफाइल तयार होते. मॅकवर ती अदृश्य असते, विंडोजवर स्पष्ट दिसते, त्यामुळे तीनशे शॉट घेतलेल्या दिग्दर्शकाने सहाशे घेतल्याचे निर्मात्याला वाटते, आणि त्यातील निम्मे उघडतच नाहीत हे कळल्यावर त्याला आपला मूळचा संशय खरा ठरल्यासारखे होते. मॅकवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालते, विंडोजवर चालत नाही. तेव्हा ‘हाच ओके आहे?’ असे प्रांजळ नाव दिलेला शॉट पलीकडे अडतो. एक टीबीची डिस्क मॅकवर एक टीबीचीच दिसते आणि विंडोजवर ९३१ जीबींची, कारण एकजण हजाराने भागतो आणि दुसरा १०२४ ने. प्रॉडक्शनचा हिशेबनीस त्यामुळे ६९ जीबी कोणी लाटले याची चौकशी लावू शकतो, आणि पेट्रोलच्या पावत्यांचा अनुभव गाठीशी असल्याने त्याला दोष देता येत नाही. कार्डावरून केवळ मोठमोठ्या फाइली उचलून बारीक फाइली ‘फालतू’ म्हणून सोडून देणारे कर्तव्यदक्ष लोकही आढळतात. त्या फालतू फाइलींमध्येच कोणता शॉट कोणत्या वेळेचा याची माहिती असते, म्हणून कार्डावरचा सबंध फोल्डर आहे तसा, हात न लावता, न्यायचा असतो.

या गोंधळावर उपाय नाहीत असे नाही. मोठ्या निर्मितीत कॉपी झाल्यावर चेकसम काढतात, म्हणजे फाइलीतील एकूण एक बिट विचारात घेऊन एक लांबलचक संख्या तयार करतात. मूळ आणि प्रत या दोन्हींची संख्या जुळली तर प्रत शुद्ध, एक बिट इकडचा तिकडे झाला तरी संख्या वेगळी. त्याशिवाय तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, असा एक जगन्मान्य नियम आहे. छोट्या निर्मितीत यातील ‘तीन’ हा आकडा ऐकताच बैठक संपते, कारण डिस्कचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो आणि न घडलेल्या अपघाताची बचत कोठेच दिसत नाही. तेथे सर्व भिस्त डिस्कवर चिकटवलेल्या पांढऱ्या टेपेवर असते, जिच्यावर तारीख, कॅमेरा आणि ‘फुल’ असे स्केचपेनाने लिहिलेले असते, आणि जुलैच्या पावसात त्यातले नेमके ‘फुल’ तेवढे पुसले जाते.

जलद इंटरनेटने हा सारा व्याप इतिहासजमा होईल, अशी आशा वेळोवेळी व्यक्त केली जाते, आणि ती निराधार नाही. सेकंदाला हजार मेगाबिटांची जोडणी पूर्ण वेगाने मिळाली तर ५४० जीबी ७२ मिनिटांत पोहोचतात, कोंडीतल्या मोटारसायकलचा पराभव होतो, आणि मुख्य म्हणजे मॅक-विंडोजचा वादही मिटतो, कारण नेटवरून फाइल पाठवताना पलीकडचा संगणक ती आपल्याच पद्धतीने लिहून घेतो. काही ठिकाणी चित्रणाच्या हलक्या प्रती नेटवरून आधी धाडतात, संपादन त्यांच्यावर सुरू होते आणि मूळ फाइली मागाहून रस्त्याने येतात. परंतु सेट हलता असतो. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले, तेव्हा मराठी मालिका गोव्यात आणि सिल्वासा भागात गेल्या, मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली, आणि पुन्हा जागा शोधण्याची वेळ आली. अशा बिऱ्हाडामागे दर वेळी फायबरची तार ओढली जात नाही. डिस्क मात्र बॅगेत मावते, आणि सिल्वासाहून मुंबईला यायचे तर महामार्ग वरसाव्याच्याच पुलावरून येतो.

सारांश, ५४० जीबींच्या वाटेतील मोठा अडथळा वरसाव्याचा चौक नसून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमधले हातभर अंतर आहे, आणि चौकाप्रमाणे त्यावर कोट्यवधींचा पूल बांधावा लागत नाही. ज्यांना हा माल पाठवायचा आहे, मग तो मालिकेचा असो वा अमेरिकेतल्या मावशीसाठी भाचीच्या लग्नाचा, त्यांनी एवढेच करावे: कॉपी सुरू करण्याआधी फोन करून पलीकडे मॅक आहे की विंडोज हे विचारावे, डिस्क रिकामी असतानाच एक्सफॅट करून घ्यावी, सबंध फोल्डर उचलावा, इजेक्ट करावे, केबल डिस्कबरोबरच बांधून द्यावी, दुसरी प्रत निघणाऱ्या मोटारसायकलवर न ठेवता मागे ठेवावी, आणि ‘पोहोचली’ एवढ्या निरोपावर समाधान न मानता, ‘उघडली, सगळे शॉट चालले’ असा निरोप येईपर्यंत कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये, कॅमेरामनने कितीही आवाज चढवला तरी.